मला फुंकर हवी होती

मी एक जुनी लाल गाडी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. आता माझा रंग उन्हानं विटलाय, डाव्या दाराला म्हातारीच्या गुडघ्यासारखी कुरकुर लागलीय, आणि दिवसातला बराचसा वेळ मी पत्र्याच्या छपराखाली एका गंजक्या सायकलीशेजारी उभी असते. पण माझा जन्म वेगासाठी झाला होता. अजूनही कुणी मला चालू केलं, की माझा आवाज ऐकून गल्लीतली मुलं खिडकीत येतात. म्हातारपणी एवढा मान पुरे झाला.

मला घडवलं ते एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात. तिथे माझ्या अंगावरून इतके हात फिरले की कुणाकुणाची आठवण ठेवू? एक आठवतो. बॉनेट बसवणारा माणूस बॉनेट लावून झालं की त्यावर बोटांनी टकटक करायचा, दार ठोठावल्यासारखं, आणि म्हणायचा, "जा बाई, सुखी राहा." लेकीला सासरी पाठवावं तसं तो प्रत्येक गाडीला पाठवायचा.

सासर सुखाचं मिळालं. दुखणं मात्र मी माहेराहूनच घेऊन निघाले होते. ते काय, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे. इंजिनाची ताकद चढावर वेगळी, सपाटीवर वेगळी, अशी वाटून देणं हे त्याचं काम. मी गिअर आपले आपण बदलते, चालवणाऱ्याला त्रास नाही. पण आत क्लचच्या चकत्या एकमेकींना घासतात, आणि घासलं की तापतं. थंडीत तुम्ही तळहात चोळता ना, तसंच. ही आच बाहेर न्यायला तेल असतं आणि त्या तेलाला निववायला कूलर असतो. कूलर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. आतून तेल जातं, बाहेरून वारा जातो. आई गरम दुधावर फुंकर घालते, तेच हे.

आता झालं काय, की ज्यांनी माझं रूप रेखाटलं त्यांना माझं नाक खाली झुकलेलं आणि निमुळतं हवं होतं. ते इतकं निमुळतं झालं की कूलरला समोर जागाच उरली नाही. मग तो मागे, पुढच्या चाकाच्या आडोशाला, एका कोपऱ्यात ढकलला, आणि तिथे मावेना म्हणून लहान केला. नाकाच्या हौसेपायी माझा श्वास आखडला. दिसायला मी अशी, की बघणाऱ्यानं बघत राहावं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. हौशी माणूस. मला शर्यतीच्या मैदानावर घेऊन गेले. पहिल्या फेरीत मी वाऱ्याशी बोलत होते. थोड्याच वेळात समोरच्या काचेखाली एक नारिंगी दिवा लागला. गिअरबॉक्स तापलाय, गाडी बाजूला घ्या. सगळ्यांच्या देखत आम्ही दोघं गवतात उभे राहिलो. असं पुन्हा पुन्हा घडलं. डॉक्टरांनी कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की गाडीत दोष नाही, तुम्ही जोरात चालवता.

"अहो, जोरात चालवायलाच तर घेतली!" डॉक्टर फोनवर ओरडले. "उद्या कवळी विकेन आणि म्हणेन, चावू नका!"

शेवटी कंटाळून त्यांनी मला विकायला काढलं.

मला घ्यायला आला तो माणूस पाहून मलाच नवल वाटलं. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, इस्त्री केलेला सदरा आणि पायात मऊ तळव्यांचे बूट. हे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी इस्पितळाची रुग्णवाहिका चालवली होती. मागे झोपलेल्या माणसाच्या हातातला पेला हिंदकळू नये, अशी त्यांची गाडी चालवण्याची रीत. इस्पितळात त्यांना सगळे अलगदराव म्हणत, आणि मीही तेच म्हणते.

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "खोटं सांगत नाही, ही तापते."

अलगदरावांनी माझ्या बॉनेटवर उलटा हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. "माणसं तापतात, मग गाडीनं का तापू नये? उतरवू की ताप."

त्या हातानं मला जिंकलं. पुढे दर फेरीनंतर, घरी आल्यावर, दार लावलं की तो उलटा हात बॉनेटवर यायचाच.

घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. तीही त्याच इस्पितळातली. रुग्णवाहिकांशी वायरलेसवर बोलणाऱ्या खोलीत ती बसायची, म्हणून घरीसुद्धा ते तिला "कंट्रोल" म्हणून हाक मारत. लग्नाआधी किती तरी दिवस दोघांनी एकमेकांचा फक्त आवाज ऐकला होता.

"मला वाटलं होतं, आवाजावरून उंच असशील," ते म्हणायचे.

"आणि मला वाटलं होतं, तुम्ही कमी बोलत असाल," ती म्हणायची.

आता त्या दोघांच्या मनातली गोष्ट सांगते, कारण माझं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरलं. गावाबाहेर एक घाट आहे आणि घाटमाथ्यावर एक आरोग्यधाम. अलगदराव त्या घाटात शेकडो वेळा गेले. कधी आजारी माणूस वर न्यायचा, कधी खाली आणायचा. वळणांना तिथल्या चालकांनी नावं दिली होती, पहिल्याला आकारावरून कोपर, आणि पुढच्यांना आजाऱ्यांना जिथे जे व्हायचं त्यावरून: हुंदका, उचकी, ओकारी, आणि सगळ्यात शेवटी, माथ्याजवळ, सुस्कारा. वायरलेसवर ते सांगायचे, "कंट्रोल, हुंदका ओलांडला." ती म्हणायची, "ऐकलं. पुढे." असा तो अख्खा घाट तिला तोंडपाठ होता, पण डोळ्यांनी तिनं तो कधी पाहिला नव्हता. आणि गंमत अशी, की त्यांनीही पाहिला नव्हता. माथ्यावरून दोन्हीकडच्या दऱ्या दिसतात म्हणे. पण मागे कुणी कण्हत असताना दरीकडे कोण बघतो?

"निवृत्त झालो की तुला पुढच्या सीटवर बसवून वर नेईन," त्यांनी कबूल केलं होतं. "मध्ये कुठे थांबायचं नाही. एका दमात. मग दोघं कठड्यावर बसू आणि कुणाला कुठेही पोचवायचं नसेल."

त्यासाठी मी आले होते. आणि घाई होती. अलगदरावांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. तो कडांकडून अंधार आत आणत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोरचं स्वच्छ दिसतंय तोवर दिवसाउजेडी चालवा, पण पुढच्या तपासणीनंतर मी परवानगी देईन असं धरून चालू नका.

पहिल्याच रविवारी आम्ही निघालो. कंट्रोलनं चांगली साडी नेसली होती, मांडीवर थर्मास होता. अलगदराव मला चालवत होते म्हणजे काय, फुलं वाहत होते! कोपर गेलं, हुंदका गेला, आणि उचकीच्या वळणावर नारिंगी दिवा लागला.

कडेला थांबलो. माझ्या पोटात कढई उकळत होती. दिवा विझायला कितीतरी वेळ गेला, आणि पुन्हा निघालो तर ओकारीच्या आधीच परत लागला. तोवर ऊन कलायला आलं. तसेच परत फिरलो.

असं पुढे किती वेळा झालं म्हणता! उचकीच्या वळणावर एक बसकं दगडी बाक होतं, त्यावर बसून कंट्रोल विणकाम करायची. दोन मफलर तिथे विणून झाले.

"राहू द्या हो," ती एकदा म्हणाली. "इथूनही छान दिसतंय."

"इथून काय दिसतं? समोरचा डोंगर!"

"मग माझी डबी काढू या." डबी म्हणजे तिची बाजारहाटाची छोटी गाडी.

"डबीला चढ दाखवला तर ती तिथेच बसकण मारेल. आणि गाडी मी चालवणार, याच रस्त्यावर, तुला शेजारी बसवून. एवढं एकच मागणं आहे माझं."

मला फार वाईट वाटायचं. पाय असून पांगळी झाले होते मी.

अलगदराव मला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथे टाय लावलेले एक साहेब होते. बोलणं लोण्यासारखं आणि लोण्यासारखंच निसटणारं. त्यांनी मला वर्कशॉपमागच्या सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात, एक चक्कर मारून आणलं. "बघा, दिवा लागला नाही. गाडी अगदी नियमात आहे. तुम्ही फक्त सावकाश चालवत जा."

"मी? सावकाश?" अलगदरावांना हसावं की रडावं कळेना. "साहेब, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हे सांगितलं."

पण ते आज्ञाधारक माणूस. आणखी सावकाश चालवू लागले. तर दिवा उचकीच्या ऐवजी हुंदक्यालाच लागू लागला! पुन्हा वर्कशॉप. मग साहेबांनी मला तारा जोडून संगणकापुढे बसवलं आणि नवी प्रणाली भरली. म्हणाले, आता दिवा लागणार नाही.

खरंच लागला नाही. हुंदका गेला, उचकी गेली, कंट्रोलनं टाळ्या वाजवल्या. आणि ओकारीच्या चढावर, ऐन वळणात, काहीही न सांगता माझी ताकद गेली. समोरून बस येत होती. अलगदरावांनी मला कशी कडेला आणली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बस हॉर्न वाजवत, आमच्या आरशाला वारा देत निघून गेली. कंट्रोलचा थर्मास खाली पडून फुटला होता. तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला होता.

नंतर कळलं, नव्या प्रणालीनं फक्त दिवा उशिरा लागेल अशी सोय केली होती. तेल तेवढंच तापत होतं.

त्या दिवशी अलगदराव पहिल्यांदा रागावलेले मी पाहिले. ते ओरडले नाहीत. साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताप उतरत नाही म्हणून तुम्ही थर्मामीटर बदललात. ती बस आदळली असती तर माझ्या बायकोला पेशंट म्हणून न्यायला कोण आलं असतं? माझी तर नोकरी संपलीय."

साहेबांनी पाणी मागवलं. पाण्याशिवाय काही मिळालं नाही.

मग माझ्यासारख्याच गाड्यांचे मालक एकमेकांना शोधू लागले. एका सकाळी एका मोठ्या दुकानामागच्या रिकाम्या आवारात आम्ही सगळ्या बहिणी ओळीनं उभ्या राहिलो. पिवळी, निळी, काळी, राखाडी. सगळ्यांची नाकं सुंदर आणि सगळ्यांच्या पोटात एकच दुखणं. बॉनेटं उघडी, आणि भोवती माणसं हातवारे करत होती. एकजण कूलरवर बाटलीनं पाणी मारायचा. एक बाई म्हणाल्या, मी सिग्नलला इंजिन बंद करते आणि मनातल्या मनात शंभर मोजते. आणि कोण आलं असेल? माझे पहिले मालक, दातांचे डॉक्टर!

"तुम्ही कसे? गाडी तर विकलीत," अलगदराव म्हणाले.

"गाडी विकली हो. राग कुठे विकला?"

सगळ्यांनी मिळून कंपनीला कळवलं. उत्तर आलं की पुढच्या वर्षीच्या नव्या गाडीत मोठा कूलर समोर बसवण्यात येत आहे, याचा आपणांस आनंद होईल.

"आजारी ही आणि औषध जन्माला न आलेल्या भावंडाला," अलगदराव म्हणाले. कंट्रोलनं भर घातली, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

पण इतक्या जणांनी रेटा लावल्यावर कंपनीनं एक गोष्ट केली. एक इंजिनिअर मुलगी पाठवली. लहानखुरी, चष्मा लावलेली, मांडीवर लॅपटॉप. ती पुढे बसली, कंट्रोल मागच्या अरुंद सीटवर पाय आडवे करून बसली, आणि आम्ही घाटात शिरलो. कोपराच्या वळणालाच मुलीचा चेहरा उतरला. लॅपटॉपकडे बघत घाट चढायचा म्हणजे पोट ढवळणारच.

"पिशवी देऊ?" अलगदरावांनी विचारलं. सवयीनं त्यांच्याकडे पिशव्या असायच्याच.

"नको काका, मी ठीक आहे." आणि पुढच्याच क्षणी, "द्या, द्या!"

मग काय! आजारी माणूस गाडीत म्हटल्यावर अलगदरावांचा पाय पिसासारखा हलका झाला. त्याबरोबर लॅपटॉपवरचा आकडा चढू लागला. उचकीला थांबलो. मुलगी बाकावर बसली, पाण्याचे दोन घोट घेतले, आणि आकड्यांकडे बघत राहिली.

"काका, मला बरं नाही वाटलं तेव्हा तुम्ही आणखी हळू केलीत ना?"

"मग? करायला नको?"

"तिथेच तेल सगळ्यात जास्त तापलंय. तुम्ही जितकं अलगद चालवता, तितका क्लच अर्धवट धरून राहतो. घासत राहतो. आणि इतक्या हळू गेल्यावर चाकामागे वारा पोचतच नाही."

"अगं, पण सावकाश चालवा असं तुमच्याच लोकांनी सांगितलं!" कंट्रोल मागून म्हणाली.

"सांगणारे या घाटात आले नव्हते, काकू." मुलीनं चष्मा पुसला. "खरं सांगू? चूक आमची आहे. कूलर लहान आहे आणि भलत्या जागी आहे. मी तसं स्पष्ट लिहीन. कंपनी ऐकेल का, मला माहीत नाही. पण तोवर एक करून बघा. दुसरा गिअर धरून ठेवा, तिला बदलू देऊ नका, आणि पाय घट्ट दाबा. ती ओरडेल. ओरडू द्या. क्लच घट्ट बसला की घासणार नाही."

अलगदराव माझ्याकडे आले. उलटा हात माझ्या बॉनेटवर ठेवून उभे राहिले. "म्हणजे इतके दिवस मी जपत होतो आणि हिचा ताप वाढत होता," ते हळूच म्हणाले.

मला सांगावंसं वाटत होतं, की तुमचं काही चुकलं नाही हो. पण गाडीला बोलता कुठे येतं?

त्यानंतर ते एकटेच मला घेऊन पायथ्याच्या चढावर सराव करायला जाऊ लागले. एकटे असले की जमायचं. पाय घट्ट, मी मोकळ्या गळ्यानं गात वर, आणि पोटात आच बेताची. पण शेजारी कंट्रोल बसली रे बसली, की तो पाय पुन्हा पिसासारखा. उभ्या जन्माची सवय ती. शेजारी जीव आहे म्हटलं की पायाला दाबणं ठाऊकच नव्हतं.

डोळ्यांच्या तपासणीला एक आठवडा उरला. त्या सकाळी दोघं लवकर निघाले. ऊन कोवळं, रस्ता मोकळा. अलगदरावांनी नवा थर्मासही घेतला नव्हता. "वर पोचलो तर वरचं पाणी पिऊ," म्हणाले. समोरचं त्यांना नीट दिसत होतं, पण नजर खाली, तेलाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे वळवली की रस्ता सुटायचा. म्हणून कंट्रोल म्हणाली, "काटा मी बघते. तुम्ही रस्ता बघा."

कोपर गेलं. हुंदक्याच्या चढाला तो पाय सैल पडू लागला. मला लगेच कळलं. चकत्या घासू लागल्या, पोटात ओळखीची आच उठली.

"काटा चढतोय," कंट्रोल म्हणाली. "दाबा."

"अगं, धक्का बसेल तुला."

"बसू दे."

"वळण आहे पुढे, तुझी मान—"

"अहो!" कंट्रोलचा आवाज असा लागला, की वायरलेसच्या खोलीत तो तसा लागत असावा. "मी पेशंट नाही हो तुमची! मला काही झालेलं नाही. मी तुमची बायको आहे आणि मला वर जायचंय. दाबा!"

मित्रांनो, त्यांनी दाबलं.

काय सांगू तुम्हाला! कारखान्यातून निघाल्यापासून जो आवाज माझ्या पोटात होता, तो त्या घाटात घुमला. दगडांवरचे पक्षी उडाले. कंट्रोल सीटला चिकटली आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. एका हातानं तिनं दारावरची मूठ घट्ट धरली होती, आणि हसता हसता खबर देत होती.

"कंट्रोल बोलतेय. काटा मधोमध. उचकी समोर."

"उचकी ओलांडली," अलगदराव म्हणाले.

"ऐकलं. पुढे."

दगडी बाक मागे पडलं. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओकारीला, जिथे बस समोर आली होती, तिथे त्यांचा पाय क्षणभर घुटमळला. कंट्रोलनं हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पाय पुन्हा घट्ट झाला. पण काटा आता काठावर आला होता. कूलर तेवढाच होता ना! मी माझ्याकडून सगळं केलं. तरी आच वाढतच होती.

"काठावर आहे हं," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, पण हसणं थांबलं होतं. "अगदी काठावर. थांबायचं?"

"तू सांग. कंट्रोल तू आहेस."

ती काट्याकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात सुस्काऱ्याचं वळण आलं. तिथे डोंगराची भिंत संपते आणि रस्ता उघड्या धारेवर निघतो. दोन्ही दऱ्यांतला वारा तिथे भेटतो. तो वारा आडवा आला, चाकामागच्या त्या कोपऱ्यात शिरला, आणि माझ्या नळ्या-नळ्यांतून गेला. आई दुधावर घालते तशी फुंकर. जन्मभर मला एवढीच हवी होती.

"उतरतोय," कंट्रोल म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो, उतरतोय काटा! पुढे, पुढे!"

आम्ही माथ्यावर पोचलो. एका दमात.

दोघं कठड्यावर बसले. मी मागे उभी, अंगातून टिक टिक आवाज करत निवत होते. अलगदरावांना आता एका वेळी बांगडीएवढंच दिसायचं, भोवती सगळा अंधार. समोर एवढी मोठी दरी, आणि ते नुसतेच इकडे तिकडे मान फिरवत होते.

"कुठे बघू?" ते म्हणाले.

तिनं त्यांची हनुवटी धरली. "डावीकडे. अजून थोडं. खाली या. हां, तिथे तळं आहे, दिसलं?"

"दिसलं. चमकतंय."

"आता सरळ वर. कौलांची रांग. शेवटच्या घरावर कुणीतरी वाळत घातलंय."

"पिवळं."

"पिवळंच. आता उजवीकडे वळा, हळू. नाही, सवयीनं नका वळू, मी वळवते."

असा तिनं त्यांना अख्खा देखावा तुकड्या-तुकड्यानं दाखवला. आधी ते सांगायचे आणि ती ऐकायची. आता ती सांगत होती. एकही तुकडा सुटला नाही. उतरणीला लागण्याआधी अलगदरावांनी माझ्या बॉनेटवर उलटा हात ठेवला आणि म्हणाले, "ताप आहे. पण चांगला आहे, धावून आलेल्या पोराला असतो तसला."

तपासणीनंतर त्यांनी किल्ली कंट्रोलच्या हातात दिली.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या इंजिनिअर मुलीनं लिहिलं ते खरं लिहिलं, आणि लिहितच राहिली. काही वर्षांनी ती मोठ्या जागेवर गेली, आणि एके दिवशी आम्हा सगळ्या बहिणींना वर्कशॉपमध्ये बोलावणं आलं. मोठा कूलर, समोर, वाऱ्याच्या तोंडाशी, कंपनीकडून. माझ्या सुंदर नाकाला जाळी पडली. दातांचे डॉक्टर मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "वरातीमागून घोडं!"

"उशिरा आलं तरी घोडंच आलं," कंट्रोल म्हणाली. "गाढव नाही ना आलं!"

तोवर अलगदरावांना काही दिसेनासं झालं होतं. मला ती चालवते. महिन्यातून एखादा रविवार, बाकीचे दिवस मी छपराखाली. ते शेजारी बसतात, माझा आवाज ऐकतात आणि अधूनमधून ओरडतात, "दाब गं!" ती म्हणते, "तुम्ही पेशंट आहात, गप्प बसा."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या गाड्या बनवेल. रूप द्या, जरूर द्या, पण आधी श्वासाला जागा ठेवा. आणि कुणी तुमच्याकडे येऊन म्हणालं, की ही तापते, तर सपाट रस्त्यावरून चक्कर मारून त्याला परत पाठवू नका. त्याच्याबरोबर त्याच्या घाटात जा. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र आहे, त्यांनी त्याला जपावं. जपणं म्हणजे नुसतं हळू हाताळणं नव्हे, हे मात्र अलगदरावांकडून शिका. कुणाला फुंकर हवी असते आणि कुणाला मोकळं पळायचं असतं. ते बाहेरून कळत नाही. हात ठेवून बघावं लागतं.

आज रविवार होता. आत्ताच आम्ही घाटातून परत आलो. कंट्रोलनं मला छपराखाली लावलं, दार कुरकुरलं. अलगदराव चाचपडत समोर आले, सायकलीला अडखळले, तिला दोन शब्द सुनावले, आणि मग तो उलटा हात माझ्या बॉनेटवर आला. बराच वेळ राहिला.

"काय म्हणतेय?" कंट्रोलनं दारातून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "निवलीय."